आजी-आजोबांची राहिलेली सहल

प्रति,
बदनापूर तालुक्यातल्या सर्व गावांचे सरपंच व ग्रामपंचायत सदस्य, तसेच बदनापूर नगरपंचायतीचे नगरसेवक यांना



तुमच्या गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही बाईला विचारा, "औरंगाबादला कधी गेलता का?" त्या म्हणतील, "लई येळा." मग विचारा, कशाला? सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा घाटीच्या सरकारी दवाखान्यात. मालकांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा घाटीत. भावकीच्या जमिनीचा दावा खंडपीठात गेला तेव्हा वकिलाच्या दारात. भाच्याच्या लग्नाला एका मंगल कार्यालयात, अक्षता टाकून जेवून लगेच परत. आता शेवटचं विचारा, तिथं पाहिलं काय? बहुतेक जणी म्हणतील, "बघायला कुठं गेलतो आम्ही?"

त्या उत्तरापायी हे पत्र लिहिते आहे.

बदनापूर ते छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, हे अंतर ४० किलोमीटरच्या आतबाहेर, एसटीनं तासाभराचं. आपल्या तालुक्यातली पोरं रोज शेंद्र्याला आणि चिकलठाण्याला कंपनीत शिफ्टला जातात. कॉलेजच्या मुली अप-डाऊन करतात. मोसंबीच्या गाड्या पहाटे निघतात. त्याच घरातल्या आजीनं बीबी का मकबरा पाहिलेला असतो तो नातवाच्या शाळेच्या सहलीतल्या फोटोत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. सहल काढणं म्हणजे काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आधी परवानगी, पालकांची संमतिपत्रं, प्रथमोपचाराची पेटी, मुली असतील तर सोबत शिक्षिका, संध्याकाळी किती वाजता परत येणार ते आधी लेखी. एसटीही शाळेच्या सहलीला सवलतीत गाडी देते. मुलांनी शहर पाहावं, किल्ला पाहावा, यासाठी सगळी व्यवस्था उभी आहे आणि ती असायलाच हवी. पण ज्यांच्या वाट्याला शाळाच आली नाही, त्यांची सहल राहून गेली ती गेलीच. आज पंचाहत्तरीच्या पुढं असलेल्या आपल्याकडच्या किती बाया शाळेत गेल्या होत्या, हे मी तुम्हाला सांगायला नको. मतदार यादीसमोरचे अंगठे तुम्ही पाहिलेले आहेत.

हीच माणसं १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेली. तेव्हा कोणी नवी नवरी होती, कोणी अजून माहेरची पोर. पाझर तलावाची माती वाहिली, रस्त्याच्या कडेला बसून दगड फोडले, मजुरीत मिळालेल्या सुकडीवर लेकरं जगवली. मराठवाड्यातले कितीतरी रस्ते त्या सालात झाले. आज आपण गाडीत बसून त्याच रस्त्यांनी भुर्रकन शहरात जातो, आणि तो रस्ता करणारी बाई ओट्यावर बसून आपण परत कधी येतो याची वाट पाहते. तिच्यासाठी एक दिवस काढणं हे मला गावाचं देणं वाटतं.

या लोकांना प्रवास नवा आहे असं कोणी समजू नये. पंढरीची वारी त्यांनी पायी केली आहे. नाथषष्ठीला पैठण, चतुर्थीला राजूर, एकदा शेगाव, दरसाल सोमठाण्याची रेणुका. उन्हात चालणं, उघड्यावर झोपणं, गर्दीत हात न सोडणं त्यांना आपल्यापेक्षा जास्त जमतं. सरकारनंही त्यांची वाट सोपी केली आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास राज्यभर मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. २०२४ साली मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली. तीत साठीपुढच्या माणसामागे ३० हजार रुपयांपर्यंत खर्च करायची तरतूद आहे. या सगळ्याबद्दल मला आनंदच आहे. पण आपण म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढतो ते देवासाठी किंवा डॉक्टरसाठी. तिसरं कारण आपल्याला सुचतच नाही. एखादी सुंदर इमारत पाहावी, बागेत बसावं, बाजारात उगाच फिरावं, विमान उतरताना बघावं, अशी इच्छा त्यांनाही होत असेल असं आपण धरूनच चालत नाही. आणि त्या स्वतःहून कधी म्हणणार नाहीत. विचारलं तर म्हणतील, "महं काय राहिलं आता बघायचं?" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्यांदा विचारा.

तेव्हा माझी विनंती अशी. येत्या फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक गावानं आपल्या ज्येष्ठांची संभाजीनगरची एका दिवसाची सहल काढावी. मुक्काम नको. पहिल्या खेपेला मुक्कामाच्या नुसत्या विचारानंच निम्मी नावं गळतील, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. ज्यांना रात्री तीनदा उठावं लागतं, त्यांना परक्या जागेची भीती वाटणारच.

फेब्रुवारी का, तर डिसेंबरात घरातली सगळी माणसं कापूस वेचायला आणि पुढं तूर सोंगायला जातात, आणि नातवंडं, शेळ्या, घर हे सगळं आजी-आजोबांच्या गळ्यात असतं. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राच्या तुरीचं वाण पेरलेलं असो की दुसरं, जानेवारी सरेस्तोवर ती खळ्यावर आलेली असते. शिवाय डिसेंबर हा शाळांच्या सहलींचा महिना. मकबऱ्यात तेव्हा पोरांची इतकी धावपळ असते की काठी टेकत चालणाऱ्याला धक्का लागायचा. मार्च उजाडला की ऊन सुरू. मधले हे पंधरा-वीस दिवस सोन्याचे आहेत. वार धरताना पंचांग बघा, पण मुहूर्तासाठी नव्हे. एकादशी आणि चतुर्थी टाळा. त्या दिवशी निम्मी गाडी उपाशी असते, आणि शुगरची गोळी घेणारा माणूस उपाशीपोटी चालायला लागला की चक्कर ठरलेली. शुक्रवारही नको, शहरातल्या पाणचक्कीच्या दर्ग्यात नमाजाची गर्दी असते.

गाडी कुठली करायची यावर गावात वाद होईल. क्रूझर स्वस्त पडते, पण करू नका. मागच्या आडव्या सीटवर गुडघे मोडून तासभर बसलेला माणूस उतरल्यावर अर्धा तास सरळ उभा राहू शकत नाही. एसटीच्या आगारात प्रासंगिक करारावर पूर्ण गाडी मिळते. तिचा दर आणि सवलतीचं काय ते आगारात जाऊन नीट विचारून घ्या. आषाढीला ४० भाविक जमले तर एसटी थेट गावातून पंढरपूरची गाडी देते, म्हणजे गावापर्यंत गाडी येणं काही अशक्य नाही. माणसं कमी असतील तर सरळ बदनापूरच्या स्टँडवरून नेहमीच्या एसटीनं जा, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना पैसाही लागणार नाही. मात्र आधार कार्ड प्रत्येकाजवळ हवं, आणि ही सवलत शहर बसला लागू नाही, तेव्हा शहरात फिरायला वेगळी गाडी आधीच ठरवून ठेवा. रेल्वेनंही जाता येतं आणि कित्येकांना आगगाडीची हौस असते, पण रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली ती अजून दिलेली नाही, आणि जिने चढायचे ते वेगळेच.

गाडी कुठलीही असो, एक वस्तू विसरू नका. लाकडी पाट. जरा उंच, चार बोटं जाड फळीचा, खाली न हलणारा. एसटीची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच असते ते आपल्या ध्यानात येत नाही, कारण आपण चालत्या गाडीत चढलेली माणसं. नऊवारी नेसलेल्या, गुडघ्यात दम नसलेल्या बाईला ती पायरी चढताना नीट पाहा. आधी ती दांडा धरते, मग पदर खोचते, मग मागं वळून बघते की आपल्याला चढताना कोण बघतंय. दोघं तिला काखेत धरून वर ओढतात. ही ओढाताण दिवसात सात-आठ वेळा झाली की चौथ्या ठिकाणी ती म्हणते, "तुम्ही या बघून, मी बसते गाडीतच." लोक म्हणतात, आजी थकल्या. आजी थकलेल्या नसतात. त्यांना लाज वाटत असते. तो पाट खाली ठेवला तर त्या एकट्या उतरतात.

किती जणांना न्यायचं? गाडीत जागा आहे म्हणून चाळीस भरू नका. पहिल्या खेपेला वीस पुरेत, आणि त्यांच्यासोबत सहा-सात धडधाकट तरुण, त्यात निदान तीन मुली. दर तिघांमागे एक सोबती, आणि दिवसभर तोच. सकाळी एकाचा हात धरला आणि दुपारी दुसऱ्याच्या हवाली केलं असं नको. हा सोबती शक्यतो घरचा नसावा, हे मी मुद्दाम सांगते. मुलगा किंवा सून बरोबर असली की दिवसभर "इकडं नको, तिकडं नको, चहा नको, पडशील" हेच चालतं. शेजारचा पोरगा आजीला जेवढ्या आदरानं विचारतो, तेवढं घरचा विचारत नाही.

यादी करताना भोंग्यावर पुकारा करून भागणार नाही. पुकारा झाला की पारावरचे पुरुष नावं देतात आणि यादी भरते. निम्म्या जागा बायांच्या, हे आधीच जाहीर करा आणि त्यासाठी आशाताईंना घरोघर पाठवा. कोणाला दम लागतो, कोणाची शुगर आहे, कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. ज्या घरात म्हातारी एकटीच आहे, मुलं पुण्याला किंवा ऊसतोडीला गेली आहेत, ते नाव यादीत सगळ्यात वर हवं.

आता खरं काम. सहलीच्या आठवडाभर आधी गावातल्या दोघांनी, त्यातली एक बाई, शहरात जाऊन ती सगळी वाट स्वतः पायी चालून यावी. सोबत वही ठेवा. गाडी कुठपर्यंत जाते, तिथून आत किती चालायचं, पायऱ्या किती, कठडा आहे का, बसायला बाक कुठं, सावली कुठल्या बाजूला, पाणी कुठं, आणि संडास कुठं. हे शेवटचं मी हजारदा सांगेन. आपल्या बाया प्रवासात पाणी पीत नाहीत. आदल्या रात्रीपासून पीत नाहीत. बाहेर सोय असेल की नाही हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, आणि पुरुषांनी भरलेल्या गाडीत "थांबवा" म्हणायची त्यांची हिंमत नसते. मग दुपारी डोकं दुखतं, पायात गोळे येतात, घरी गेल्यावर दोन दिवस लघवीला आग होते, आणि गाव म्हणतं, म्हणूनच म्हाताऱ्यांना नेऊ नये. म्हणून गाडी सुटतानाच सोबतच्या मुलीनं बायांना स्पष्ट सांगावं की दर दीड तासाला थांबणार आहोत, जागा पाहून ठेवल्या आहेत, स्वच्छ आहेत, पाणी प्या. भारतीय बैठक जमत नसेल त्यांच्यासाठी खुर्चीचा संडास कुठं आहे, तेही वहीत लिहून आणा. माझ्या लेखी ही वही झाली की अर्धी सहल झाली.

काय बघायचं? इथं तरुण लोक हमखास घाई करतात. वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद, दौलताबाद, मकबरा, पाणचक्की, सगळं एका दिवसात उरकायचं. तसं करू नका. दौलताबादचा किल्ला तर नकोच. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी तिथं किल्लेदार होते हे ठाऊक असलेले वारकरी आजोबा हट्ट धरतील, पण वरपर्यंत शेकडो पायऱ्या आहेत आणि मधे अंधारी वाट आहे. वेरूळसाठी पुढच्या वर्षी स्वतंत्र दिवस काढा. कैलास लेणं जमिनीलगत आहे, ते शांतपणे पाहता येईल, फक्त मंगळवारी लेणी बंद असतात. या खेपेला शहर. त्यातही मोजक्याच जागा.

सकाळी साडेआठला निघा. आपल्याकडं सहल म्हटली की पहाटे पाचला गाडी काढायची खोड आहे. म्हाताऱ्या माणसाचं सकाळचं सगळं आवरायला वेळ लागतो, आणि ते न आवरता निघालं की दिवस वाया. चहा-भाकरी खाऊन, गोळ्या घेऊन निघा. करमाड, शेंद्रा मागं टाकून चिकलठाण्याला विमानतळाजवळ आलं की गाडी जरा हळू घ्या. आदल्या दिवशी विमानाची वेळ पाहून ठेवली असेल तर फारच उत्तम.

पहिलं ठिकाण मकबरा, ऊन कोवळं असताना. ती बाग उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर लांब आहे आणि मकबरा तिच्या मधोमध. म्हणजे दारापासून जाऊन-येऊन बरंच चालणं आहे, वर चौथऱ्याच्या पायऱ्या. ज्यांना झेपत नाही त्यांना बागेत बाकावर बसू द्या, आणि एक सोबती त्यांच्याजवळच राहू द्या. खरं तर लांबूनच तो जास्त देखणा दिसतो. माहिती सांगायला गावातलाच कोणी बोलका माणूस ठेवा आणि तीनच गोष्टी सांगा. इथं औरंगजेबाची बायको दिलरस बानू बेगम हिची कबर आहे. ही इमारत अताउल्ला आणि हंसपतराय या दोघांनी मिळून उभी केली, त्यांची नावं मुख्य दरवाजावर आहेत. आणि एका जुन्या ग्रंथात खर्च लिहिला आहे, ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे. हे शेवटचं नक्की सांगा. आण्यांत हिशेब केलेली ही शेवटची पिढी आहे. ते सात आणे ऐकून आजोबांचे डोळे कसे चमकतात ते बघा, लगेच त्या काळच्या ज्वारीचा भाव निघेल. निघू द्या. अशा गप्पा रंगल्या की मला सहल सार्थकी लागली असं वाटतं.

तिथून पाणचक्की अगदी जवळ आहे, आणि माझं मत विचाराल तर आपल्या बायांसाठी शहरातलं हेच सगळ्यात मोठं ठिकाण. जागा सपाट, सावली भरपूर, समोर हौद, जुना वड. बाबा शाह मुसाफिरांचा दर्गा. कित्येक किलोमीटरवरून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून पाणी आणलंय. ते उंच भिंतीत चढवून वरून खाली सोडलं आहे, त्याच्या धारेनं खालचं पंख्याचं चाक फिरतं आणि त्याच्या जोरावर वरचं जातं. १७४४ साली तुर्कताज खानानं हे काम पुरं केलं, दर्ग्यात येणाऱ्या फकिरांना आणि गोरगरिबांना पीठ मिळावं म्हणून.

माझ्या आईला मी तिथं नेलं होतं. ती पहाटे तीनला उठून दळायची, आमच्या घरात नऊ माणसं होती, आणि तिच्या उजव्या तळहाताला खुंट्याचा घट्टा शेवटपर्यंत होता. जात्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मी पाण्याचं, नळाचं, सनावळीचं सांगत होते, तिचं लक्ष नव्हतं. मग तिनं विचारलं, "वैरण कोण घालतं?" मी म्हटलं, तेव्हा कोणी माणूस बसत असेल. ती म्हणाली, "म्हंजे वढायचं नाही, नुस्तं घालायचं." पुन्हा थोड्या वेळानं, "दोनशे-तीनशे वर्सं झाली म्हणतीस ना याला? मंग आमाला काऊन नाही सांगितलं कोणी?" इतिहासाच्या पुस्तकात मी असा प्रश्न वाचलेला नाही. जातं ओढलेली बाई आणि पाण्यानं फिरणारं जातं समोरासमोर आले की तिला जे कळतं, ते तिथं सेल्फी काढणाऱ्या कोणालाच कळत नाही. म्हणून पाणचक्कीला तासभर ठेवा. घाई करू नका. त्यांच्यात बोलणं सुरू होईल, कोणी जात्यावरची ओवीसुद्धा म्हणेल.

एकच खबरदारी. पाणी नसेल तर चक्की फिरत नाही. आधी जाणाऱ्या दोघांनी तेवढी चौकशी करावी.

जेवण एक वाजता, इकडचं तिकडं व्हायला नको. बाहेरचं तेलकट नको. दशम्या, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, दही, कवळी नसलेल्यांसाठी मऊ खिचडी, हे गावातूनच न्या. बचत गटाच्या बायांना काम द्या आणि त्याचे पैसे द्या. जेवून दीड तास आराम, आणि आराम म्हणजे आडवं होणं. चटया न्या. सिद्धार्थ उद्यान त्यासाठी बरं आहे, मध्यवर्ती बसस्थानकाच्या जवळच. त्याच बागेत मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं हुतात्मा स्मारक आहे, दर १७ सप्टेंबरला मुख्यमंत्री जिथं झेंडावंदन करतात ते. १९४८ च्या त्या दिवसाआधी जन्मलेलं कोणी तुमच्या गाडीत असेल, तर तो माणूस निजामाच्या राज्यात जन्मलेला आहे. त्याला पुढं करा. रझाकारांच्या वेळी आई-बापांनी काय काय सोसलं, कुठल्या रानात लपून राहिले, हे त्याच्या तोंडून सोबतच्या पोरांनी ऐकावं. ती पोरं मोबाइलमध्ये असतील, तरी ऐकतील.

तिसऱ्या प्रहरी चालणं बंद. गाडीतूनच शहर दाखवा. भडकल दरवाजा, दिल्ली दरवाजा, शहागंजचा टॉवर, क्रांती चौकातला शिवरायांचा पुतळा. मलिक अंबरानं १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचं पुढं हे शहर झालं, एवढं सांगितलं तरी पुरे. मग विद्यापीठाच्या दाराशी गाडी थांबवा आणि सगळ्यांना उतरवा. आपल्या तालुक्यातल्या घराघरांत भिंतीवर पदवीच्या फ्रेमा टांगलेल्या आहेत आणि त्यांवर या विद्यापीठाचं नाव आहे. ज्यांनी शेळ्या विकून, कानातलं मोडून त्या पदव्यांचे पैसे भरले, त्यांनी ते दार पाहिलेलं नाही. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं, आणि नामांतराच्या लांबलेल्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. त्या लढ्यात घरं जळालेली पाहिलेली माणसंही तुमच्या गाडीत असतील. तिथं कोणी हात जोडेल, कोणी डोळे पुसेल. सगळ्या गावानं त्यांच्या बाजूला उभं राहावं.

शेवटी तासभर बाजार. याला वेळ वाया घालवणं म्हणू नका. आयुष्यभर इतरांच्या यादीनं बाजार केलेल्या बाईला स्वतःच्या मनानं दहा दुकानं बघू द्या. गुलमंडीला गर्दी असते, म्हणून दोघी-तिघी आणि त्यांचा सोबती असेच गट राहू द्या, आणि प्रत्येकाच्या गळ्यात गावाचं नाव आणि दोन मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. पाचला परत निघा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना अंधारात समोरच्या गाड्यांचे दिवे सोसत नाहीत, आणि दिवेलागणीला घरी पोचलं की पुढच्या खेपेला घरचे स्वतःहून पाठवतात.

पैशाचं बोलते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये येतात, त्यात औषधं भागत नाहीत. तेव्हा ज्येष्ठांकडून वर्गणी मागू नका. अखंड हरिनाम सप्ताहाला आपलं गाव किती वर्गणी सहज उभी करतं ते तुम्ही जाणता. त्यातल्या एका पंगतीच्या खर्चात ही सहल होते. शहरात नोकरीला असलेल्या मुलांकडं मागा, ते नाही म्हणणार नाहीत. आणि हात जोडून सांगते, गाडीला बॅनर लावू नका. पाण्याच्या बाटलीवर फोटो नको, पिशवीवर नाव नको. कोणी नेलं यापेक्षा कोण गेलं हे त्या दिवशी मोठं असू द्या.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. पत्रिकेवर लिहून घ्या, म्हणजे आयत्या वेळी राहून जाणार नाही. त्याआधी आशाताईंनी नावं आणलेली असतील आणि आगारात एकदा चौकशी झालेली असेल, तर त्याच सभेत तारीख पक्की होते. आधी जाऊन वाट पाहून यायला कोणी बाई मिळत नसेल तर मला सांगा, तालुक्यातल्या कुठल्याही गावासाठी मी येईन. माझे गुडघेही आता दुखतात, त्यामुळे पायऱ्या मोजायला माझा उपयोग होईल. फक्त चार दिवस आधी कळवा.

आपली,
बदनापूरची एक निवृत्त शिक्षिका